रोज एक खेळ उपशीर्षकांसह हवा

ऐकू येणे कमी होत गेलेल्या मुलीच्या प्रेमकथेवरील चित्रपटाचे परीक्षण (रविवार पुरवणी) वाचले. श्रवणयंत्र लावताच तिला सारे स्पष्ट ऐकू येते, या प्रसंगाचे कौतुक पटले नाही. अंतर्कर्णाच्या दोषात बहुधा उच्च वारंवारतेचे, म्हणजे बारीक पट्टीचे, आवाज आधी जातात. ‘स’, ‘फ’ निसटतात, स्वर मात्र पोहोचतात. म्हणून आवाज कळतो, शब्द कळत नाही. यंत्र आवाज वाढवते, पण चित्रपटगृहात संवादाबरोबर पार्श्वसंगीतही वाढते! अशा मुलांना पडद्यावर मराठी अक्षरे लागतात; नुसते संवाद नव्हे, दार वाजले, मागून कोण बोलले, हेही. चित्रपटगृहांत श्रवणदोष असलेल्यांसाठी अशा सोयी देण्याबाबत केंद्राची मार्च २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेतच. कोल्हापुरातील चित्रपटगृहांनी या चित्रपटाचा रोज एक खेळ तसा दाखवावा आणि जाहिरातीत त्याची वेळ छापावी.

– एक श्रवणतज्ज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर