सौर पंप बसवले किती ते कळले, चालू किती ते सांगा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

कालच्या अंकातला सौर कृषिपंपांवरचा अग्रलेख वाचला. एका महिन्यात 45,911 पंप बसवून महाराष्ट्राने गिनीज बुकात नाव नोंदवले, याचा मलाही आनंद आहे. रात्रीच्या लायटीवर दारे धरताना साप चावून गेलेली माणसे आमच्या भागाने पाहिली आहेत. दिवसा पाणी देता येणे म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगावे लागत नाही. पण अख्ख्या अग्रलेखात बसवलेले पंप मोजले आहेत. त्यातले चालतात किती, हा प्रश्न एका ओळीतही नाही. आणि त्याच पानावर खाली, ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना मुळात कुणाची यावरून सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांची उणीदुणी काढत आहेत.

आमची विहीर सीना नदीच्या अंगाला आहे. तिच्यावरच्या मोटारीसाठी आम्ही विजेच्या कनेक्शनचे कोटेशन भरले होते. लाईन काही आली नाही, आता सोलरच घ्या असे सांगण्यात आले. किमतीतला आमचा दहा टक्के हिस्सा भरला, पाच एचपीचा संच बसला आणि तो चांगला चाललाही. मग 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. स्ट्रक्चर कलंडले, निम्म्या प्लेटा फुटल्या, पंप चालवणारा कंट्रोलर गाळात गेला.

योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे, विम्यासह. म्हणून धाकट्या भावाने कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. एक माणूस आला, मोबाइलवर फोटो काढून गेला. काही दिवसांनी मेसेज आला की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. शेतात प्लेटांच्या काचा तशाच पडलेल्या! विजेच्या कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाले, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, आधी विमा मंजूर होऊन येऊ द्या. विम्याला पंचनामा लागतो. आमच्या पंचनाम्यात पीक लिहिले, खरडून गेलेली जमीन लिहिली, विहीर लिहिली, सोलर लिहिले नाही. ते का लिहिले नाही, हे विचारले तर तसे आदेश नाहीत, एवढेच उत्तर मिळाले. आज विहिरीत पाणी आहे आणि भाऊ भाड्याच्या डिझेल इंजिनवर गहू भिजवतो आहे. हवामानाचे नुकसान कमी व्हावे म्हणून दिलेला पंप बिघडलेल्या हवामानानेच मोडला, आणि त्याच्या जागी आता डिझेल जळते आहे. हे कुणाच्या तरी हिशोबात धरले गेले आहे का?

शेजारच्या शिवारात डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर गाव गोळा होते, वायरमनला गाठते, नाही जमले तर कार्यालयासमोर जाऊन बसते. उशीर होतो, पैसे काढावे लागतात, पण कुणाला धरायचे हे माहीत असते. सोलरवाला एकटा असतो. त्याचा खांब नाही, लाईन नाही, बिल नाही, म्हणून विजेच्या खात्यात तो कुणाचाच ग्राहक नाही. सरकारने लाखो शेतकरी असे एकेकटे करून ठेवले आहेत आणि त्यांची जबाबदारी खासगी पुरवठादारांच्या फोन नंबरवर सोपवली आहे. माझा सगळा राग यावर आहे.

श्रेयाच्या भांडणाबद्दल दोन शब्द. 2004 च्या निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतकऱ्यांना मोफत वीज दिली. निवडणूक जिंकल्यावर त्यांच्याच पक्षाचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि ती बंद झाली. महाविकास आघाडीने 2020 मध्ये कृषिपंपांचे वीज धोरण आणले आणि पुढे थकबाकीसाठी जोडण्या तोडल्या. तेव्हा रस्त्यावर उतरलेला भाजप आज सत्तेत आहे. त्यांच्या सरकारने विधानसभा निवडणुकीला चार महिने राहिले असताना, जुलै 2024 मध्ये, साडेसात एचपीपर्यंत मोफत विजेचा आदेश काढला. 44 लाख पंप, वर्षाला 14,760 कोटी. मला त्या शेतकऱ्यांचे वाईट व्हावे असे मुळीच वाटत नाही. पण मोडलेला सौर पंप सहा आठवड्यांत उभा करून द्यायला यातला किती पैसा लागला असता? घोषणेला पैसा निघतो, दुरुस्तीला निघत नाही, आणि यात सगळे पक्ष सारखेच आहेत.

महाविकास आघाडीच्या काळात पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द घातले गेले. नाव अजून तेच आहे. सप्टेंबरच्या पुरात सगळ्या पक्षांचे पुढारी मराठवाड्यातल्या बांधांवर येऊन गेले. 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यात विहिरीसाठी 30 हजार रुपये धरले. पण विहिरीवर उभ्या असलेल्या सौर पंपाबद्दल या पर्यावरण खात्याने काही म्हटल्याचे मी तरी वाचलेले नाही. ऊर्जा खाते तर खुद्द मुख्यमंत्र्यांकडे आहे. म्हणजे विचारायचे कुणाला, याबद्दल शंका असायचे कारण नाही. विरोधकांनी तरी सभागृहात विचारावे! त्यांना योजनेचे नाव आमच्या काळातले की तुमच्या, यातून सवड मिळत नाही.

माझे मागणे मोठे नाही. सरकारने तालुकावार चालू आणि बंद सौर पंपांचा आकडा दर महिन्याला जाहीर करावा. पंचनाम्याच्या नमुन्यात सौर संच यावा. आणि तक्रार मिटली की नाही हे कंपनीने नव्हे, शेतकऱ्याने सांगावे, त्याच्या सहीशिवाय ती बंद होऊ नये. उंच रानात जिथे बोअरचे पाणी फार खोल गेले आहे, तिथे पाच-साडेसात एचपीचा सोलर पुरत नाही. तिथल्या शेतकऱ्याला लाईन नाकारू नये.

जाता जाता एक आपल्यालाही. ज्या अंकात हा अग्रलेख आला, त्याच अंकात पहिले अख्खे पान सौर पंपांच्या सरकारी जाहिरातीचे होते. पुराच्या वेळी आमच्या गावचे फोटो आपण छापले, त्याबद्दल आभार. पण त्यानंतर आपला बातमीदार इकडे फिरकलेला नाही. त्याला पाठवा. सीनेच्या काठाने दिवसभर फिरून त्याने बंद पंप मोजावेत आणि तो आकडा, कोणत्या पक्षाला लागेल याचा विचार न करता, पहिल्या पानावर छापावा.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. परंडा, जि. धाराशिव