फोटोवर पंजा ठेवणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

तुम्हाला माझं नाव माहीत नाही आणि मीही तुमचं विचारलं नाही. जानेवारीतल्या एका शनिवारी अप्पा बळवंत चौकातल्या तुमच्या दुकानात दहावीच्या गाइडांच्या गठ्ठ्याला अडखळून एक बाई जवळजवळ पडलीच होती, ती मी. वजन 74, गुडघे कुरकुरणारे. "वजन कमी करायचं पाककृतीचं पुस्तक द्या," म्हणत मी काउंटरवरचं सगळ्यात चकचकीत पुस्तक ओढून घेतलं. किनोआ, अ‍ॅव्होकॅडो, किंमत 895.

तुम्ही ते उघडलंत, फोटोवर पंजा ठेवलात आणि म्हणालात, "आता वाचा." मी वाचलं : तेल, गरजेनुसार. "गरज कुणाची, ताई?" किती माणसांना पुरेल, तेही कुठे नव्हतं. पुढच्या पानावर बिनसाखरेचे लाडू होते, खजूर, काजू आणि वाटीभर तूप घातलेले. तुम्ही नुसतं हसलात.

मग विचारलंत, "घरी स्वयंपाक कोण करतं?" हा प्रश्न मला आधी कुणीच विचारला नव्हता. एका क्लिनिकमधून तक्ता आणला होता, त्यात रात्री सूप. साडेदहाला मी चिवड्याच्या डब्याशी. स्वयंपाक सासूबाई करतात आणि त्यांच्या लेखी सूप म्हणजे आजाऱ्याचं जेवण.

तुम्ही मागच्या फळीवरून धूळ झटकून एक पातळ पुस्तक काढलंत. 120 रुपये, एकही फोटो नाही. मुगाची धिरडी, चाकवताची पातळ भाजी, ज्वारीची भाकरी, कोशिंबिरीच कितीतरी. प्रत्येक कृतीवर 'चार माणसांना' आणि तेल चहाच्या चमच्यात. 895 चं गिऱ्हाईक हातचं घालवून 120 चं पुस्तक देणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्या रात्री सासूबाईंची फोडणीची पळी चमच्याने मोजली. सहा चमचे. वांग्याच्या भाजीत त्या दोन पळ्या घालायच्या. चमचाभर, म्हणजे पाच मिली तेलात साधारण 45 कॅलरी, म्हणजे चौघांच्या एका भाजीत नुसत्या तेलाच्या 540. मी काही बोलले नाही, हिशेबाचा कागद ओट्यावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "अगंबाई, एवढं?" दुसऱ्या दिवशी पळी खिळ्याला आणि मिसळणाच्या डब्यात चहाचा चमचा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेतही अर्धं ताट भाज्या-फळांचं सांगितलंय, हे मला मागाहून कळलं. आमच्या ताटात ते कोशिंबिरींच्या वाटेने आलं. सासूबाईंना त्यात 'डाएट' दिसलंच नाही, ही माझ्या मते पुस्तकाची सगळ्यात मोठी हुशारी.

आता 69 वर आहे. संध्याकाळी अर्धा तास चालते, त्याचाही वाटा आहे, पण ते श्रेय चपलांना देईन.

तक्रार एकच. पुस्तकात साबुदाण्याची खिचडी नाही. सासूबाईंनी ती शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली आहे. तुपापुढे लिहिलंय : अंदाजाने.

कळावे, लोभ असावा.

गाइडांना अडखळलेली