पाडव्याच्या कृती आठ दिवस आधी छापा, आणि ग्रॅममध्ये छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुढीपाडव्याच्या सकाळी बहुतेक वर्तमानपत्रांच्या पुरवणीत दोन गोष्टी हमखास असतात: श्रीखंड-पुरणपोळीची कृती आणि मुलांसाठी कागदी तोरण नाहीतर कागदी गुढी. दोन्ही सदरे हौसेने वाचली जातात. पण ज्या सकाळी ती हातात पडतात, त्या सकाळी त्यांचा उपयोग करायची वेळ टळून गेलेली असते. चक्का रात्रभर टांगावा लागतो, म्हणजे दूध आदल्या दिवशी सकाळीच विरजलेले हवे. डाळ भिजायला दोन तास, कणीक मुरायला दोन तास. तोरणाचा डिंक वाळायलाही वेळ लागतोच. सणाच्या दिवशी दहा वाजता पुरवणी उघडणाऱ्याला मग श्रीखंडाचा डबा आणि प्लास्टिकचे तोरण विकत आणण्यावाचून पर्याय राहत नाही. म्हणून आमची विनंती आहे की ही सदरे निदान आठ दिवस आधी यावीत.

दुसरी तक्रार मापाची. ‘एक वाटी डाळ, एक वाटी गूळ’ असे छापले जाते. किसलेला गूळ वाटीत हलका भरला तर त्याचे वजन एक, दाबून भरला तर दुसरे. नव्याने शिकणारी मुलगी किंवा मुलगा इथेच फसतो आणि पुरण बिघडले की दोष स्वतःच्या हाताला देतो. घरोघरी आता वजनकाटा असतो. छापताना ग्रॅम द्यावेत, आणि कुठे काय बिघडते व का, हेही द्यावे. ते कसे देता येईल, हे खाली लिहीत आहोत.

वीस-बावीस पोळ्यांसाठी हरभरा डाळ 500 ग्रॅम, चिरलेला गूळ 500 ग्रॅम. गूळ साधा घ्यावा. चिक्कीच्या गुळाने पुरण चिवट होते आणि लाटताना ओढ धरते. डाळ दोन तास भिजवून दीड लिटर पाणी, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरमध्ये लावावी. तेलामुळे फेस कमी येतो. कुकर मात्र निम्म्याच्या वर भरू नये, नाहीतर डाळीचा फेस शिट्टीत अडकतो. चार शिट्ट्या झाल्या की आच मंद करून आणखी दहा मिनिटे ठेवावी. डाळीचा दाणा दोन बोटांत दाबला की मऊ पसरला पाहिजे. आत पांढरा कण दिसला तर डाळ परत शिजवा, पण गूळ घालण्याआधी. एकदा गूळ पडला की कच्ची राहिलेली डाळ कितीही वेळ उकळली तरी मऊ होत नाही. पुरणात कण राहण्याचे हे सगळ्यात नेहमीचे कारण आहे, आणि छापील कृतींत ते क्वचितच असते.

डाळ चाळणीत पूर्ण निथळू द्यावी, घाई करू नये. खाली राहिलेला कट आमटीला ठेवावा. मग जाड बुडाच्या कढईत डाळ आणि गूळ एकत्र करून चटका द्यायचा. गूळ विरघळला की सगळे एकदम पातळ होते आणि नवख्या माणसाचा जीव घाबरतो. हलवत राहा, अर्ध्या तासात ते आटते. पुरणाच्या मध्यभागी उलथणे उभे केले की ते न पडता उभे राहिले पाहिजे, हीच खूण. गॅस बंद करून एक चमचा वेलदोड्याची पूड, अर्धे जायफळ किसून आणि चिमूटभर मीठ घालावे आणि पुरण गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावे. गार झालेले पुरण यंत्रात बसत नाही, दांडा फिरवून हात भरून येतात. मिक्सरचा मोह टाळावा: पाणी घातल्याशिवाय पाते फिरत नाही आणि पाणी घातले की आटवण्याची सगळी मेहनत वाया जाते.

पारीसाठी कणीक 300 ग्रॅम आणि मैदा 150 ग्रॅम. कणीक बारीक चाळणीने किंवा स्वच्छ पातळ कापडातून चाळून घ्यावी, कारण कोंड्याचा टोकदार कण पारीला भोक पाडतो. अर्धा चमचा मीठ, चिमूटभर हळद, साधारण 300 मिली पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा ही बरीच सैल असते आणि सुरुवातीला हाताला चिकटते. वरून पीठ भुरभुरू नका. 60 मिली तेल थोडे थोडे लावत पंधरा मिनिटे तिंबा, मग झाकून दोन तास ठेवा. मुरलेल्या कणकेचा गोळा हळूच ओढला की तो तुटता कामा नये, लांबत गेला पाहिजे.

एका पोळीला 35 ग्रॅम कणीक, 60 ग्रॅम पुरण. पुरण आणि कणीक हाताला सारखीच मऊ लागली पाहिजेत, सगळे गणित तिथे आहे. पुरण घट्ट आणि कणीक सैल असेल तर पुरण मध्येच गोळा होऊन राहते, कडा नुसत्या कणकेच्या होतात. पुरण सैल असेल तर ते पारी फोडून बाहेर येते. सैल पुरणात पीठ मिसळण्याचा सल्ला कुठे कुठे दिसतो. तो ऐकू नये, चव पिठूळ होते. पुरण कढईत परतून पुन्हा मंद आचेवर आटवावे. फारच कोरडे झाले तर चमचाभर गरम दूध पुरेसे होते. उंडा भरून तोंड बंद केल्यावर पाच मिनिटे थांबावे, तांदळाच्या पिठीवर ठेवावे आणि आधी कडेने, मग मध्ये असे हलक्या हाताने लाटावे. मधोमध दाब दिला की पोळी तिथेच फाटते. तवा मध्यम आचेवर असावा, पोळी एकदाच उलटावी, तूप शेवटी. तव्यावर पोळी फुटली तर चिकटलेले पुरण लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. तो गूळ जळला की पुढच्या प्रत्येक पोळीला कडू वास लागतो.

कटाच्या आमटीबद्दल एवढेच की निव्वळ कटाची आमटी पातळ आणि पोरकी लागते. मूठभर शिजलेली डाळ किंवा लिंबाएवढे पुरण त्यात कुस्करावे. मग भाजलेले सुके खोबरे, जिरे, गोडा मसाला, चिंच आणि लवंग-दालचिनीची फोडणी.

श्रीखंडाचे माप: 2 लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्यातून साधारण 700 ते 800 ग्रॅम चक्का निघतो. नेमका आकडा दुधावर ठरतो, म्हणून साखर आधी मोजू नये. चक्का तोलावा आणि दर 100 ग्रॅमला 80 ग्रॅम साखर घ्यावी. पाडवा कधी येतो यानेही फरक पडतो. 2024 मध्ये तो 9 एप्रिलला होता, 2026 मध्ये 19 मार्चला. एप्रिलच्या उकाड्यात दही चार-पाच तासांत लागते आणि रात्रभर ओट्यावर टांगलेला चक्का सकाळी आंबट होतो. ती चव साखरेने झाकत नाही. अशा वेळी दोन-तीन तास टांगावा, मग फडक्यासकट चाळणीत ठेवून, खाली पातेले आणि वर वजन देऊन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. फडके सोडताना चक्का कापडाला न चिकटता सुटून आला की तो झाला. साखर मिसळली की तो सैल होणारच, कारण साखर त्यातले पाणी ओढते. तासभर झाकून ठेवून मग पुरणयंत्रातून काढावा. साखर घरीच दळलेली घ्यावी. मिक्सरमध्ये फिरवलेले श्रीखंड पातळ होते, ते पुन्हा घट्ट होत नाही.

आता कागद. हस्तकलेच्या सदरांत ‘हिरवा कागद घ्या, पाने कापा, चिकटवा’ यापलीकडे फारसे नसते. मग पाने लोंबतात, घडी फाटते आणि मूल कंटाळते. कारण साधे आहे: कागदाला धागा असतो. कारखान्यात कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांश एका दिशेला लागतात. त्या दिशेने घडी सरळ पडते, आडवी घातली तर कडेला भेगा पडतात. ओळखायचे कसे? कागद न मोडता नुसता हलका वाकवून पाहायचा, आधी उभा, मग आडवा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, घडीची रेघ त्याच बाजूने घालायची.

आंब्याच्या पानांचे तोरण घ्या. दार 90 सेंमी रुंद धरू. पाने 11, दर 8 सेंमीला एक, म्हणजे 80 सेंमी होतात आणि दोन्ही टोकांना 5-5 सेंमी उरतात. दोन पानांच्या मधल्या दहा जागी दहा झेंडू. दोरा 140 सेंमी कापावा, बांधायला दोन्हीकडे 25 सेंमी राहतो. पान 18 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद, शिवाय दोऱ्यावर दुमडायला 2 सेंमी देठ. ए-फोर आकाराच्या कागदावर ही पाने आडवी मांडली तर पाच बसतात, उभी मांडली तर चार. साहजिकच सगळे पाच बसवायला जातात. पण 11 पानांना दोन्ही प्रकारे तीनच कागद लागतात, तेव्हा धागा ज्या बाजूने असेल तसेच मांडावे. धागा पानाच्या लांबीने गेला की मधली शीर सुबक दुमडते आणि टांगलेले पान ताठ राहते. कागद 120 जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाच्या) आसपासचा हवा. छपाईचा 70-75 जीएसएमचा कागद दोन दिवसांत मान टाकतो, 250 चे कार्डशीट मुलांच्या कात्रीने कापत नाही. शिरा उमटवायला शाई संपलेले बॉलपेन आणि खाली जुनी वही. शिरा मधल्या शिरेपासून टोकाकडे तिरक्या ओढायच्या, अगदी कडेपर्यंत न्यायच्या नाहीत. पान त्या रेघांवर आपोआप थोडे वळते आणि लांबून खरे वाटते.

झेंडूला क्रेप कागद. दोन मीटरच्या गुंडाळीतून 5 सेंमी रुंदीची चकती कापली की 60 सेंमीच्या तीन पट्ट्या, म्हणजे तीन फुले. क्रेपच्या सुरकुत्या पट्टीच्या रुंदीच्या दिशेने असल्या पाहिजेत, म्हणजे पाकळीत त्या उभ्या येतात. पट्टीला 3 सेंमी खोल झालर कापावी, दोन कापांत 3 मिमी अंतर. खालची 2 सेंमी कोरी पट्टी घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधावी आणि पाकळ्या बाहेरून आत एकेक रांग करून उलगडाव्यात. गुंडाळी सैल झाली तर फूल मधून निसटते. आणि एक सावधगिरी: क्रेपचा रंग पाण्याने सुटतो. नुकत्याच पुसलेल्या ओल्या चौकटीवर हे तोरण लावले तर भिंतीवर केशरी ओघळ उतरतात.

चिकटवायला घट्ट खळ उत्तम. 20 ग्रॅम मैदा 100 मिली गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावा आणि पूर्ण गार झाल्यावर वापरावा. पूर्वी खळीत किडीसाठी मोरचूद घालत. ते विषारी आहे, स्वयंपाकघरात बिलकुल नको. खळ त्याच दिवशी करा, त्याच दिवशी संपवा. पातळ केलेला डिंक किंवा गरम खळ कागद फुगवते आणि वाळताना त्याला सुरकुत्या पडतात. देठाला स्टेपलरच्या पिना मारू नयेत, खालून ताटे जात असतात. चमकीही याच कारणाने नको. थर्माकोलच्या सजावटीवर तर राज्यात 2018 पासून बंदीच आहे.

गुढीची काठी आपल्याच वर्तमानपत्राची होते. पानाचा अर्धा तुकडा कोपऱ्यापासून विणायच्या सुईवर तिरका गुंडाळावा. तिरका गुंडाळल्याने जोड काठीभोवती फिरत जातो आणि काठी एका रेषेत मोडत नाही. सरळ गुंडाळलेली सुरळी मधोमध वाकतेच. शाई हाताला लागते, म्हणून हे काम झाल्यावर हात साबणाने धुवूनच पुरणाकडे जावे. वाटीत तांदूळ भरून त्यात काठी उभी राहते. मुलांना कडुनिंबाचे पान कापायला देताना खरी डहाळी समोर ठेवावी. पान कडेला दातेरी असते, कोयत्यासारखे किंचित वाकडे, आणि देठाशी त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. डोळ्यांसमोर नसेल तर सगळे कढीपत्ताच कापतात. पानात वाढायच्या चटणीला मात्र कोवळी पानेच हवीत, दहा-बारा, भिजवलेली हरभरा डाळ, गूळ, ओवा, जिरे, हिंग आणि मीठ.

हे सगळे एकत्र लिहिण्याचे कारण असे की या दोन कामांच्या थांबण्याच्या वेळा एकमेकींत बसतात. डाळ भिजते त्या दोन तासांत पाने कापून शिरा ओढून होतात. कणीक मुरते तेव्हा झेंडू वळायचे. तोरण वाळत असताना पुरणयंत्र फिरवायचे, आणि ते फिरवायला आठ वर्षांचे मूलही पुरते. क्रम मात्र उलटा करू नये: तेलाचे एक बोट लागले की कागदावर पारदर्शक डाग पडतो आणि तो कधीच जात नाही. खऱ्या गुढीची किंवा आंब्याच्या ताज्या डहाळीची जागा कागदाने घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. पण टोरांटोत किंवा म्युनिकमध्ये पाडव्याला आंब्याची पाने कुठून आणायची? तिथल्या मराठी घरांत आपली पुरवणी फोनवर वाचली जाते. त्यांनाही ही मापे आठवडाभर आधी मिळाली तर कागद आणि क्रेप आणायला वेळ राहील.

पाडव्यानंतर अक्षय्य तृतीया येते. तेव्हाच्या पानापासून ही पद्धत सुरू करता येईल. पुरणाची मापे वर दिलीच आहेत, ती आमच्या नावाशिवाय छापली तरी चालतील.

आपले,
पाककला व हस्तकला शिकवणारे काही वाचक, पुणे