ऑफिस सुटलं, हे आधी सांगायला हवं होतं

लायपझिग,
१६ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना शि. सा. न.

आईने जीव मुठीत धरून पुढचं ऐकू नये म्हणून आधीच सांगते. तब्येत ठणठणीत आहे, घर तेच आहे आणि व्हिसाचं काही बिघडलेलं नाही. फोनवर हे सांगायला मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा तुमच्यापैकी कुणीतरी विचारलं, "ऑफिसला निघालीस का?" आणि मी म्हणाले, "हो, निघतेय." ऑफिस ऑगस्टमध्येच सुटलं. सुटलं म्हणजे मी सोडलं, कुणी काढलं नाही. बाबा, हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखवा.

मी आणि जुन्या ऑफिसातली एक मैत्रीण, अशा दोघींनी मिळून कंपनी काढली आहे. आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडसारखीच, इथे तिला गे-एम-बे-हा म्हणतात. काम काय ते बाबांना लगेच कळेल: कारखान्यात कॉम्प्रेसरची लाइन कुठे गळते ते शोधून द्यायचं. तुम्ही रविवारी मशिनं बंद ठेवून साबणाचं पाणी घेऊन जॉइंट तपासत फिरायचात ना, तेच. फक्त साबणाच्या जागी एक कॅमेरा आहे, कानाला ऐकू न येणारा आवाज तो पडद्यावर दाखवतो. "हवा फुकट येत नाही" हे तुमचं वाक्य मी इथे जर्मनमध्ये खपवते आहे.

आता एक गंमत सांगते. आपल्याकडे नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले वकील, शिक्का मारला की झालं. इथला नोटरी म्हणजे मोठं प्रस्थ. कंपनी त्याच्यासमोरच काढावी लागते आणि तो सगळा दस्त मोठ्याने वाचून दाखवतो. सगळा म्हणजे सगळा! कलमं, पोटकलमं, भागांचे आकडे, आमचे पत्ते. आपल्याही हातात तीच प्रत असते, महिनाभर आधी ईमेलने आलेली असते, पाठ झालेली असते, तरी वाचायचंच. तसा कायदाच आहे, मोठ्याने वाचलं नाही तर दस्त धरतच नाहीत. २०२२ पासून हे व्हिडिओवरही करता येतं, पण तिथेही माणूस पडद्यावरून वाचतोच. आणि वाचण्याचा वेग! सत्यनारायणाला आपले गुरुजी चौथा अध्याय उरकतात तसा, श्वास घ्यायला स्वल्पविराम नाही. मध्येच एक शब्द चुकीचा निघाला. तो त्याने पेनाने दुरुस्त केला आणि दुरुस्तीही मोठ्याने वाचली. सुरुवातीला मला विचारलं, जर्मन पुरेसं कळतं ना? नसेल तर त्याला तोंडी भाषांतर करून द्यावं लागतं. मी तोऱ्यात हो म्हणाले आणि दहाव्या मिनिटापासून नुसती मान हलवत बसले. पाऊण तासात त्याने एकदाच वेग कमी केला, माझ्या नावापाशी. पासपोर्टवर मधोमध बाबांचं नाव आहे ना, ते त्याने तीन तुकडे करून वाचलं. त्या खोलीत तुमचं नाव ऐकलं आणि मला वाटलं, यांना तर अजून माहीतच नाही.

असो. आता तुमचे प्रश्न, विचारायच्या आधीच.

व्हिसा: कायमच्या राहण्याचा परवाना दोन वर्षांपूर्वीच मिळाला आहे, त्यावर धंदा करायला मोकळीक असते. आरोग्यविमा चालू आहे. फक्त पूर्वी अर्धा हप्ता ऑफिस भरायचं, आता सगळा मी भरते. पैसे: भांडवल २५,००० युरो लागतं, त्यातलं निम्मं, १२,५०० युरो, नोंदणीच्या आधी खात्यात दिसावं लागतं. ते आम्ही दोघींनी अर्धं अर्धं भरलं. बाबांनी एव्हाना गुणिले शंभर केलं असेल. एक युरोतही निघणारी धाकटी कंपनी इथे २००८ पासून आहे, मग ती का नाही काढली, असंही ते विचारतील. काढली असती, पण नावापुढे तिची 'ऊ-गे' (UG) ही दोन अक्षरं दिसली की इथला कारखानदार आधी घड्याळ बघतो. शिवाय तिच्यात २५,००० होईपर्यंत दरवर्षी नफ्याचा चौथा हिस्सा बाजूला ठेवावा लागतो.

फसवणूक: कोर्टाच्या रजिस्टरमध्ये नाव चढलं की ते सगळ्यांना दिसतं, आणि आठवड्याभरात सरकारी वाटणारी बिलं यायला लागतात. वर गरुड, खाली भरणा करायची स्लिप. नोटरीने आधीच बजावलं होतं. तरी एक बिल मी भरायला घेतलंच होतं, मैत्रिणीने हात धरला. म्हणजे आई, तुला वाटतं तितकी मी एकटी नाही.

बुडाली तर? बाबा, हे फक्त तुमच्यासाठी. कंपनीचं कर्ज ते कंपनीचं, घरापर्यंत येत नाही, म्हणून तर ही लिमिटेड. उरलेलं भांडवल मागितलं तर माझ्या वाट्याचे ६,२५० अजून भरायचे आहेत, तेवढं धरून ठेवलंय. एक सही मात्र माझ्या स्वतःच्या नावाने आहे. कॅमेरा भाड्याने घेतला, तो देणाऱ्यांनी नव्या कंपनीवर विश्वास ठेवायला नकार दिला आणि माझी वैयक्तिक हमी मागितली. तुम्ही मित्राला जामीन राहिलात आणि नंतर सात वर्षं त्याचे हप्ते फेडलेत, ते मी विसरलेले नाही. सही करताना तेच डोळ्यांसमोर होतं. पण हा दुसऱ्यासाठीचा जामीन नाही, माझाच माझ्यासाठी आहे. तीन वर्षांचा करार आहे, रक्कम फोनवर सांगते. रिझर्व्ह बँक वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू देते, हे तुम्ही शोधून काढाल. काढू नका आणि एफडीला हात लावू नका.

आता घरचं. जानेवारीपासून मी निम्मेच पैसे पाठवू शकेन, साधारण जूनपर्यंत. औषधांचे वेगळे पाठवीन, ते त्यात धरू नका. आणि धाकट्याच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. नाताळ ते नववर्ष इथले कारखाने बंद असतात. मशिनं गप्प असतात तेव्हाच गळती नीट मोजता येते, आणि त्याच आठवड्याची आमची पहिली तीन कामं ठरली आहेत. त्याला आणि होणाऱ्या वहिनीला मी वेगळं लिहिते आहे. लग्नाला मात्र हळदीपासून आहे, तिकीट काढलंसुद्धा.

आई, माझ्या लग्नासाठी म्हणून तू जे वेगळे ठेवायला लावले होतेस, ते सव्वासहा हजार त्यातलेच आहेत. सगळे नाहीत, बरेचसे.

थंडी सुरू झाली आहे. तू दिलेली शाल ऑफिसात ठेवली आहे. ऑफिस म्हणजे आमच्या स्वयंपाकघराशेजारची खोली. पत्रपेटीवर माझ्या नावाखाली कंपनीच्या नावाची चिठ्ठी डकवली आहे, नाहीतर पोस्टमन पत्रं परत नेतो.

तुमची,
ताई

ता. क. मावशीने पुण्याच्या स्थळाला पाठवलेल्या बायोडेटात 'जर्मनीत नोकरी' असं आहे. तो बदलून पाठवायला सांगा. तेवढ्यावरून ते गप्प झाले तर झाले.