दागिन्यावरची लेसर खूण वाचता यावी

महोदय,

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर अक्षरे आणि अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असणे बंधनकारक आहे. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धता आणि हा क्रमांक लेसरने उमटवले जातात. ठोकून उमटवलेल्या ठशाने नाजूक, पोकळ दागिना दबण्याची भीती असे. लेसरचा किरण धातूला स्पर्शही न करता पृष्ठभागाचा अगदी पातळ थर बदलतो, म्हणून ही पद्धत मला निःसंशय चांगली वाटते. मात्र जी खूण उथळ असते, ती घासली जाते. माझी अंगठी पॉलिश करून आणल्यावर क्रमांकातील दोन अक्षरे पुसट झालेली दिसली आणि ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळणी करणे अशक्य झाले. पावतीवर क्रमांक लिहून घेण्याचे खरेदीच्या वेळी मला सुचले नव्हते, दुकानदारानेही सुचवले नाही. सराफांनी विक्री करतानाच ग्राहकाच्या हाती भिंग देऊन क्रमांक दाखवावा, तो पावतीवर नोंदवावा आणि पॉलिश करताना कारागिराने तेवढी जागा राखावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक ग्राहक, सांगली