आजीचं ॲप आणि तुझं कार्ड

सांगली,
मंगळवार, रात्री

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आवाज चढला, ते चुकलंच माझं. तू आजीसाठी हौसेनं मालिकांच्या ॲपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेतलंस आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो पैशाचा. ती तर गल्लीभर सांगत फिरते आहे, नातीनं टीव्हीत मालिका भरून दिल्या म्हणून. फोनवर धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. तुझ्या कार्डाचा विषय काढणार नाही.

आजी बघते त्या दोन मालिका, दोन्ही एकाच वाहिनीवरच्या. ती वाहिनी आपल्या डिशवर आहेच. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची किंमत फेब्रुवारी 2023 पासून महिना 19 रुपयांच्या वर नेता येत नाही, वर कर काय तो वेगळा. ॲप उपयोगी पडतं ते चुकलेल्या भागासाठी, आणि आजीचा भाग चुकतो एकादशीच्या भजनाला गेली की. महिन्यातून दोनदा. त्या दोन भागांसाठी वर्षाचे पैसे.

एका नेटवर्कच्या, म्हणजे एकाच कंपनीच्या वाहिन्यांच्या, ॲपची खरी गोम पुढेच आहे. झी मराठी झी फाइव्हवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी तेवढ्या एका घरात आल्या, कारण फेब्रुवारी 2025 मध्ये जिओसिनेमा आणि डिस्नी प्लस हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं. नायिकेचं लग्न लागलं की आजीचं मन मालिकेवरून उडतं, हे तुला ठाऊक आहे. उद्या ती दुसऱ्या वाहिनीकडे वळली तर हे ॲप नुसतं पडून राहणार.

वर्षाचा प्लॅन स्वस्त वाटतो तेव्हा एक भागाकार करत जा. वर्षाची रक्कम भागिले एका महिन्याची. समजा वर्षाचे 1,200 आणि महिन्याचे 200, उत्तर सहा. वर्षातले सहाहून जास्त महिने खरंच बघणार असलीस तरच वर्षाचा प्लॅन परवडतो. तुझ्यासारखीनं, एखादी वेबसिरीज हवी असेल तर तिचे सगळे भाग येऊ द्यावेत, मग एक महिना घ्यावा आणि घेतल्या दिवशीच पुढचं नूतनीकरण बंद करून टाकावं. तसं केलं तरी भरलेला महिना सहसा पुरा बघायला मिळतो. नव्या ॲपला तर वर्षाचे पैसे देऊच नयेत. अमेरिकेत सीएनएन प्लस हे बातम्यांचं ॲप 29 मार्च 2022 ला सुरू झालं आणि 28 एप्रिलला बंद पडलं, पाठीशी एवढं नावाजलेलं नेटवर्क असून.

आणि 4के, म्हणजे जास्त बारकाव्याच्या चित्राचा महागडा प्लॅन, कशाला गं? आपला टीव्ही 32 इंची, एचडी रेडी, 1366 बाय 768 ठिपक्यांचा, तेवढे बारकावे दाखवतच नाही. त्यावर 4केचे जादा पैसे म्हणजे चाळणीत पाणी. उलट चूकही होते: मोबाइलपुरता स्वस्त प्लॅन टीव्हीवर चालतच नाही. पैसे भरायच्या आधी टीव्ही चालतो का, एका वेळी किती स्क्रीन, हे वाचावं. तुझ्या रिचार्जच्या पॅकमध्ये त्यातलं काही फुकट येतंय का तेही बघ. आणि लॉगिनला माझा नंबर टाक. टीव्ही कधीतरी लॉगआउट होणारच, मग ओटीपी बंगळुरूला तुझ्या मीटिंगमध्ये आणि आजी इथे रिमोट धरून बसलेली.

म्हटलं होतं काढणार नाही, पण कार्डावर आलेच. अशी अजून किती ॲपं लावलीस त्यावर? स्टेटमेंट उघडून बघतेस का? ॲप फोनमधून उडवलं की पैसे जायचे थांबले, असं समजणारी माणसं आमच्या बँकेच्या काउंटरवर नेहमी येतात. थांबत नाहीत. यूपीआयनं लावलं असेल तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेमध्ये जाऊन मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी, रद्द करायचं. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर प्ले स्टोअरच्याच सबस्क्रिप्शन्समध्ये. कार्डावर असेल तर बँकेच्या मँडेटच्या पानावर. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पैसे कापायच्या निदान 24 तास आधी कळवावंच लागतं. पण 15,000 पर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. तो मेसेज वाचला नाहीस, तर न बोलणं म्हणजे होकार.

झालं, दिलंच मी लेक्चर. बाबांच्या वेळचं तू पाहिलं आहेस. तेही लहान लहान रकमांनीच झालं होतं, म्हणून जीव घाबरतो. तू तशी नाहीस. पाचवीत सज्जनगडच्या सहलीला पन्नास दिले होते, तर चौतीस परत आणलेस आणि वर चिठ्ठी: पेरू 4, भेळ 10, हरवले 2. ती चिठ्ठी अजून लॉकरच्या पाकिटात आहे. आता हजारांनी कमावतेस, पण ‘हरवले’ कुठे लिहितेस?

आजीचं घेतलंयस ते असू दे, परत मिळणारही नाही. फक्त नूतनीकरण आजच बंद कर. पुढल्या वर्षी लागलंच तर मी इथून महिन्याचं घेईन. तोवर तिला जुन्या दूरदर्शनसाठी प्रसार भारतीचं वेव्हज ॲप लावून दिलंय, नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात आलं ते. त्यात बरंचसं फुकट आहे. ‘चित्र जुनं आहे पण माणसं ओळखीची दिसतात’ म्हणाली.

डबा वेळेवर येतो ना? चकल्या काकूकडे दिल्यात, शनिवारी पोचतील.

तुझी,
आई

ता. क. स्टेटमेंट मला पाठवू नकोस. तू वाचलंस की नुसतं ‘वाचलं’ एवढं लिही.