सावजीच्या पाटीखाली तेल कोणतं?

महोदय,

गेल्या रविवारी नातवाच्या वाढदिवसाचं निमित्त झालं आणि घरच्यांनी मला कौतुकाने नागपुरी झणझणीत जेवणाची 'सावजी' पाटी लावलेल्या एका हॉटेलात नेलं. आम्ही मूळचे नागपूरचे, महाल या जुन्या वस्तीतले. पुण्यात येऊन आता अकरा वर्षं झाली. हॉटेलचं नाव देत नाही, कारण तक्रार त्या एकट्याबद्दल नाही. हल्ली महामार्गावरच्या ढाब्यांपासून मॉलपर्यंत कुठेही ही पाटी दिसते आणि आत बहुतेक हाच प्रकार असतो.

पाणी ठेवता ठेवता वेटरने विचारलं, "काका, मीडियम की स्पायसी?" तिथेच मनात पाल चुकचुकली. सावजी मटणाला मीडियम नसतं. मटण आलं ते लालभडक, दाट, टोमॅटो आणि काजूची पेस्ट घातलेलं, वर क्रीमची नक्षी. शेजारच्या टेबलावर 'कोल्हापुरी' गेलं, तेही बहुधा त्याच पातेल्यातलं. पातोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा मागवला, तर पातोड्या आधीच रश्शात बुडवून आणलेल्या. चमचा लावला की भुगा. तेल कोणतं वापरता म्हणून मॅनेजरला विचारलं, तर तो छाती फुगवून म्हणाला, "रिफाइंड आहे काका, एकदम हलकं!"

त्या पोराचा काय दोष! त्याला कुणी सांगितलंच नसणार. म्हणून हे पत्र.

नागपुरात हलबा कोष्टी विणकरांना सावजी म्हणतात. इतवारी, महाल, गोळीबार चौक या जुन्या वस्त्यांतून घरोघरी माग चालायचे. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले आणि हातमागाचं काम आटत गेलं, तशी काही घरांनी पुढच्या खोलीत चार बाकडी टाकून जेवण विकायला सुरुवात केली. आजची सावजी भोजनालयं त्यातूनच आली. म्हणजे हे मुळात हॉटेलचं जेवण नव्हे, विणकराच्या घरचं. मसाला बाईच्या हातचा आणि प्रत्येक घराचा वेगळा. प्रमाण विचारलंत तर हसून विषय बदलतात.

या रश्शाचा रंग लाल नसतो, काळपट तपकिरी असतो. कोरडं खोबरं, धणे, खसखस, दगडफूल, मिरे, लवंग, सुंठ, मोठी वेलची हे सगळं काळसर होईतो भाजून वाटलेलं असतं, त्याचा तो रंग. कुणी थोडं ज्वारीचं पीठही भाजून लावतं. रस्सा पातळ आणि वर तर्रीचा, म्हणजे मसालेदार तेलाच्या तवंगाचा थर. तिखट असतो, नाकातून पाणी काढतो, हे खरंच. पण ते तिखट मिरचीपेक्षा मिऱ्याचं आणि सुंठेचं. जिभेवर चटका बसत नाही, घशात मागून ऊब येते.

आणि या सगळ्याच्या बुडाशी असतं जवसाचं तेल. त्याला उग्र वास असतो. सवय नसलेला माणूस नाक मुरडतो. म्हणून ते आधी धूर निघेपर्यंत तापवतात, मग त्यात मसाला पडतो. हे तेल साठवायला मात्र वाईट. हवा लागली की घट्ट होतं, खवट होतं. रंगवाले ते रंगात घालतात ते याच गुणासाठी, वाळून त्याचा पापुद्रा धरतो म्हणून. (माझा भाचा एकदा रेल्वेने बाटली घेऊन येत होता, ती पिशवीत सांडली. ती पिशवी अजून धुतोय.) थोडं थोडं आणून लगेच संपवायचं हे तेल, मोठ्या हॉटेलांना कसं परवडणार? शिवाय विदर्भात सोयाबीन-हरभऱ्यापुढे जवसाचा पेराही मागे पडला. खरं सांगायचं तर नागपुरातही आता सगळीकडे जवसाचंच तेल मिळेल, अशी खात्री मी देणार नाही.

तरी दिवाळीत नागपूरला गेलो होतो, तेव्हा जुन्या वस्तीतल्या एका भोजनालयात जेवलो. स्टीलचं ताट, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, पोळ्या. वाढणारा मालकाचाच मुलगा असावा. पातोडी वेगळ्या वाटीत आणली, बेसनाच्या घट्ट वड्या, वर कोथिंबीर. म्हणाला, "भाऊ, एकेक टाकत जा, नाही तर गळून जाते." रस्सा संपत आला की तो न विचारता पातेलं घेऊन हजर. "तर्री टाकू का? आणून राहिलो, थांबा." तिसऱ्या वेळी मी हात आडवा धरला, तर त्याला वाटलं जेवण आवडलं नाही! पलीकडच्या बाकावर दोघे जण खूर (बोकडाचे पाय) चोखत बसले होते, एक अक्षर बोलत नव्हते. मेनूकार्ड नावाची वस्तूच नव्हती. भिंतीवर खडूने लिहिलेलं मटण, कलेजी, खूर, सुंदरी (बोकडाची आतडी), डाळकांदा आणि ज्याच्यापुढे काट मारली ते संपलेलं.

पुण्यातल्या हॉटेलवाल्यांनी खूर आणि सुंदरी ठेवावी असा माझा आग्रह नाही. गिऱ्हाईक नसेल तर ते तरी काय करणार. जवसाचं तेल परवडत नसेल तर नका वापरू. पण मग कोणतं वापरता ते मेनूकार्डावर एका ओळीत छापा. रिफाइंड तेल, टोमॅटो, काजू आणि क्रीम घातलेल्या मटणाला खुशाल 'झणझणीत मटण' म्हणा, मी येऊन आनंदाने खाईन. सावजी मात्र म्हणू नका.

आपल्या आणि इतरही वृत्तपत्रांच्या खाद्यसदरांत सावजीबद्दल वाचतो तेव्हा बहुतेकदा कानातून धूर कसा निघाला आणि किती ग्लास पाणी प्यायलं एवढंच असतं. पुढच्या वेळी लिहिणाऱ्याने स्वयंपाकघरात डोकावून तेल कोणतं हे एकदा विचारावं, एवढी विनंती. आणि हो, पातोडी वेगळी आणायला सांगावी.

आपला,
एक मूळ नागपूरकर वाचक, पुणे